घोडबंदर रोडवर पुढचा पैसा कशात घालावा, लेनमध्ये की बसमध्ये?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या वाघबीळ परिसरातल्या सोसायट्यांच्या महासंघाला महापालिका आणि एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) यांच्याकडे निवेदन द्यायचं आहे. सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात घेण्याचं काम, मेट्रो 4 आणि बोरिवलीचा बोगदा हे सगळं एकाच वेळी चालू आहे. महासंघात दोन तट पडलेत. एक म्हणतो, आणखी लेन आणि उड्डाणपूल मागा. दुसरा म्हणतो, टीएमटीच्या, म्हणजे ठाणे महापालिकेच्या, बस वाढवून मागा. नेमकं काय मागावं?

बस मागा. पण नुसत्या बस मागितल्या तर त्या इतर गाड्यांच्याच रांगेत उभ्या राहतील आणि दोन वर्षांनी लेनवाले म्हणतील, पाहा, बसने काही झालं नाही. म्हणून बस, बससाठी राखीव लेन आणि ती सेवा चालवायचा दरवर्षीचा पैसा, या तीन गोष्टी एकत्र मागा. यातली एकही गळली तर बाकीच्या दोन वाया जातात.

आधी मोजमापाचं बोलू, कारण निम्मा वाद तिथेच मिटतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात सहा लेनच्या, दुभाजक असलेल्या शहरी मुख्य रस्त्याची क्षमता तासाला 5,400 पीसीयू धरली आहे, म्हणजे लेनला 900. पीसीयू म्हणजे मोटारीच्या मापाने मोजलेली वाहनांची संख्या: मोटार म्हणजे एक पीसीयू. दुचाकी अर्धा ते पाऊण, बस किंवा ट्रक दोनपासून पावणेचारपर्यंत. मोटारीत सरासरी दीड माणूस धरला तर एक लेन तासाला साधारण 1,350 माणसं नेते. त्याच लेनमधून मिनिटाला एक बस सोडली आणि बसमध्ये पन्नास माणसं असली, तर 3,000. बारा डब्यांच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी तीन हजारांहून कमी माणसं नसतात. अशा तासाला पंधरा गाड्या म्हणजे एका दिशेला 45,000. केंद्र सरकारच्या 2006 च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात हेच तत्त्व लिहिलेलं आहे: रस्त्याची जागा वाहनांना नव्हे, माणसांना वाटून द्यायची. निवेदनाची सुरुवात याच वाक्याने करा. ते सरकारचंच आहे, त्यामुळे खोडता येत नाही.

आता लेन वाढवल्याने काय होतं ते. रस्ता रुंद झाला की पहिले काही महिने मोकळं वाटतं, मग चार ठिकाणांहून गाड्या येतात. कोंडी टाळायला साडेसहाला निघणारा माणूस पुन्हा साडेआठला निघतो. दुसऱ्या रस्त्याने जाणारा इकडे वळतो. ठाणे स्टेशन गाठून लोकल धरणारा गाडी काढतो. चौथं कारण आपल्याकडे सगळ्यांत मोठं आहे: त्याच रुंदीकरणाच्या जाहिरातीवर रस्त्यालगत नवे टॉवर विकले जातात आणि त्यांच्या तळघरांत प्रत्येक घरामागे एक-दोन गाड्यांची सोय असते. अमेरिकेतल्या महानगरांचा अभ्यास करून ड्युरँटन आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये दाखवलं की तिथे महामार्गांची लांबी ज्या प्रमाणात वाढते, जवळपास त्याच प्रमाणात गाड्यांनी कापलेलं अंतरही वाढतं. ह्यूस्टनचा केटी फ्रीवे 2008 मध्ये रुंद करून झाला. सर्व्हिस रोड धरून तो काही ठिकाणी 26 लेनचा आहे. 2014 पर्यंत तिथे गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला होता. जिथे जागेला तोटा नाही तिथली ही गत. गायमुखच्या घाटात एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडी आहे.

घाटाचा उल्लेख मुद्दाम केला. रस्त्याची क्षमता त्याच्या सगळ्यांत चिंचोळ्या जागेइतकीच असते. कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ इथे उड्डाणपूल झाले. प्रत्येक पुलाने आपापला एक चौक सोडवला आणि सुटलेल्या गाड्या पुढच्या अडलेल्या जागी आणून सोडल्या. पूल उतरतो तिथे आणखी एक गोष्ट घडते. पुलावरून आलेल्यांना डावीकडे जायचं असतं, खालून आलेल्यांना उजवीकडे सरायचं असतं, आणि ही अदलाबदल शंभर-दीडशे मीटरमध्ये उरकायची असते. तिथे एक बस थांब्याला लागली किंवा एक कंटेनर बंद पडला की शेपूट पुलावर चढतं. म्हणून कुठलाही नवा पूल मागण्याआधी विचारा: याच्या पुढच्या चौकाची आणि घाटाची क्षमता किती? ती पुलापेक्षा कमी असेल, तर पूल म्हणजे फक्त गाड्या उभ्या करायची उंचावरची जागा.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण सार्वजनिक वाहतुकीच्या बाजूने बोलणारेही ती टाळतात. मेट्रो आली की कोंडी सुटेल, हे आश्वासन देऊ नका. मेट्रोमुळे जेवढी जागा मोकळी होते ती वर सांगितलेल्या चार वाटांनीच भरते. त्याच 2011 च्या अभ्यासात सार्वजनिक वाहतूक वाढवल्याने गाड्यांचं अंतर घटल्याचं आढळलं नाही. मेट्रो आणि राखीव लेनमधली बस कोंडी मिटवत नाहीत, माणसाला कोंडीतून बाहेर काढतात. रस्त्यावर कितीही गर्दी असो, तुमची मेट्रो किंवा बस ठरल्या वेळेत पोचते, हा तो फायदा. तोच मागा. उद्या कोणी म्हणालं की मेट्रो झाली तरी रस्ता भरलेलाच आहे, तर तुम्ही खोटे पडणार नाही.

आता वेळेचा मुद्दा. मेट्रो 4 वडाळ्याहून कासारवडवलीपर्यंत येते, 4अ तिथून गायमुखपर्यंत. सप्टेंबर 2025 मध्ये गायमुखकडच्या टप्प्यात चाचणीही झाली. कामासाठी लावलेले पत्रे निघतात तेव्हा वर्षानुवर्षं अडलेली रुंदी रस्त्याला परत मिळते. ती जागा कोणाच्याही सवयीची नसते. तीच बसला द्यायची. पत्रे निघाल्यावर सहा महिने ती सर्वांना वापरू दिली, तर नंतर राखीव लेन आखणं म्हणजे मोटारवाल्यांकडून काही काढून घेणं ठरतं, आणि कुठलाही नगरसेवक त्याला हात लावत नाही. जिथे पत्रे अजून निघायचे आहेत तिथे ते काढण्याच्या आदेशातच बसलेनची आखणी असावी, अशी तारखेसह मागणी करा.

सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात घेण्याचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. सर्व्हिस रोड वेगळा असतो तेव्हा सोसायट्यांची फाटकं, दुकानांसमोर लावलेल्या गाड्या, सामान उतरवणारे टेम्पो, शाळेच्या बस, रिक्षांची रांग हे सगळं तिथे राहतं. मुख्य रस्त्याची डावी लेन त्यामुळे मोकळी असते, आणि दोघांमधल्या दुभाजकावर बसथांबा करता येतो. दुभाजक काढला की ही सगळी वर्दळ मुख्य रस्त्याच्या डाव्या लेनवर येते. तीच लेन बसला दिली तर बस दर शंभर मीटरला अडणार. कागदावर लेन वाढली, पण ती बसच्या कामाची राहिली नाही. म्हणून जिथे विलीनीकरण झालेलं नाही तिथे ते थांबवून दुभाजकालगतची डावी लेन बसला मागा. जिथे झालं आहे तिथे निदान चौकाआधीच्या 60 ते 80 मीटरमध्ये फक्त बससाठी पट्टा मागा, म्हणजे बस रांगेला वळसा घालून सिग्नलपर्यंत पोचते. त्याला जोडून, बस येताना दिसली तर हिरवा दिवा आठ-दहा सेकंद लांबवणारी यंत्रणा. हे काम तुलनेने स्वस्त आहे. बसला पुलावर पाठवू नका. थांबे चौकात असतात, तिला खालूनच जायचं आहे.

लेनचा फायदा बससंख्येत कसा उतरतो ते आकड्यांत पाहा. हिशेब सोपा राहावा म्हणून ठाणे स्टेशन ते कासारवडवली 12 किलोमीटर धरू. ताशी 12 किलोमीटर वेगाने जायला एक तास, यायला एक तास, दोन्ही टोकांना दहा-दहा मिनिटं थांबा. एक फेरा 140 मिनिटांचा. दर पाच मिनिटांनी बस हवी तर 28 बस लागतात, शिवाय दुरुस्तीसाठी दहा टक्के राखीव. आता लेन आणि सिग्नलमुळे वेग ताशी 18 झाला असं धरा. जायला 40, यायला 40, थांबे 20, एकूण 100 मिनिटं. पाच मिनिटांच्या सेवेला 20 बस पुरतात. किंवा त्याच 28 बस वापरल्या तर साधारण साडेतीन मिनिटांनी बस मिळते, म्हणजे एकही बस न घेता चाळीस टक्के जास्त फेऱ्या. चालक तेवढेच, बस तेवढ्याच, डेपो तोच. नवीन बस घेण्याआधी लेन मागायची ती याचसाठी.

बसलेन अपयशी ठरते ती बहुतेक वेळा थांब्यावर. लेनमधून तासाला शंभर बस जाऊ शकतात, पण एकच बस उभी राहील एवढ्या थांब्यावर चढउतारीला तीस सेकंद आणि बस निघून दुसरी लागायला दहा-पंधरा सेकंद धरले, त्यात कधी जास्त गर्दी, कधी सुट्ट्या पैशांचा वाद, तर प्रत्यक्षात तासाला चाळीस-पंचेचाळीस बसच सुटतात. पुढेमागे दोन बस उभ्या राहतील असा थांबा केला तर क्षमता दुप्पट होत नाही, पाऊणपट वाढते, कारण पुढची निघाल्याशिवाय मागची निघत नाही. तासाला साठ बसचं नियोजन असेल तर मोठ्या थांब्यांवर दोन जागा हव्यातच. थांबा लेनच्या बाहेर खाच काढून करू नका. खाचेत शिरलेल्या बसला परत लेनमध्ये यायला कोणी वाट देत नाही. थांबा लेनलाच लागून असावा, आणि फलाटाची उंची बसच्या पायरीशी जुळलेली असावी.

दिल्लीने 2008 मध्ये बीआरटी, म्हणजे राखीव लेनमधली जलद बससेवा, सुरू केली आणि 2016 मध्ये मोडली. पुण्याने 2006 मध्ये सुरू केली आणि तिचे काही भाग पुढे उखडले. अहमदाबादची 2009 पासून चालू आहे. फरक पडला तो अंमलबजावणीने. अर्धवट तुकडे, चौकाआधी संपणारी लेन, लेनमध्ये घुसणाऱ्यांना दंड नाही, अशी बीआरटी कुठेही टिकत नाही. ठाण्यात प्रत्येक बसच्या पुढच्या काचेला कॅमेरा लावून थेट ई-चलान काढण्याची सोय निविदेतच मागा. चौकात हवालदार उभा करून हे काम होत नाही. त्याला वाहतूकही सांभाळायची असते.

मेट्रो आल्यावर बस कशाला, असा प्रश्न सभेत नक्की येईल. मार्ग डोळ्यासमोर आणा. मेट्रो 4 कासारवडवली, मानपाडा, कापूरबावडी, माजिवडा, कॅडबरी, तीन हात नाका करत मुलुंडकडे जाते. ती ठाणे रेल्वे स्टेशनला जातच नाही. ऐरोली, घणसोली, महापे इथे नोकरीला जाणाऱ्याला ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल धरायची आहे, त्याला मेट्रो एकटी पुरत नाही. स्टेशनला जोडणारी आहे ती ठाण्याची अंतर्गत रिंग मेट्रो: 29 किलोमीटर, 22 स्थानकं, सुमारे 12,200 कोटी रुपये, केंद्राची मंजुरी ऑगस्ट 2024. ती होईपर्यंत घोडबंदर ते ठाणे स्टेशन ही बसच मुख्य सेवा राहणार.

स्थानकाच्या दारापर्यंतची चालही बघा. पदपथाची मोकळी रुंदी मानकानुसार किमान 1.8 मीटर हवी. मेट्रोचे जिने पदपथावरच उतरवले की ती संपते आणि माणसं रस्त्यावर उतरतात. जिन्याचा आराखडा मागवा आणि टेपने मोजा. शेअर रिक्षांचा थांबा जिन्याच्या तोंडाशी नको, तीसेक मीटर पुढे असावा, नाहीतर बस तिथेच अडकते. रस्ता ओलांडायला पादचाऱ्याचा वेग सेकंदाला 1.2 मीटर धरतात. 36 मीटर रुंदीला अर्धा मिनिट हिरवा दिवा लागतो, म्हाताऱ्या माणसाला त्याहून जास्त. एका दमात शक्य नसेल तर मध्ये उभं राहायला सुरक्षित जागा हवी.

नवी मुंबईकडे पाहिलं तर आधी रेल्वे ठेवल्याने काय होतं ते दिसतं. मानखुर्द-वाशी मार्ग 1992 मध्ये सुरू झाला. तिथल्या रेल्वेच्या खर्चाचा 67 टक्के भार नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीने उचलला, उरलेला रेल्वेने. वाशी, बेलापूरच्या स्थानकांवर कार्यालयांच्या इमारती उभ्या केल्या, म्हणजे स्थानकामुळे वाढलेल्या जागेच्या किमतीतला वाटा ते बांधणाऱ्याकडे परत आला. उलट बेलापूर-पेंधर मेट्रो नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झाली तेव्हा गाडी पंधरा मिनिटांनी होती. अकरा किलोमीटरच्या प्रवासाला पंधरा मिनिटं वाट बघावी लागली तर लोक रिक्षाच धरतात. बांधकामाइतकंच वेळापत्रक महत्त्वाचं आहे.

आता पैसे. बारा मीटरची इलेक्ट्रिक बस कोटी-दीड कोटीला पडते. दोनशे बस घेतल्या तरी जास्तीत जास्त 300 कोटी. रिंग मेट्रोचा एक किलोमीटर सुमारे 420 कोटींना पडतो. मग बस का येत नाहीत? कारण पूल किंवा बोगदा बांधायला कर्ज आणि अनुदान मिळतं, बस चालवायला दरवर्षी महापालिकेच्या खिशातून द्यावं लागतं. ठेकेदाराला किलोमीटरमागे 70 रुपये आणि बस रोज 200 किलोमीटर धरली, तर दोनशे बसचे वर्षाला सुमारे 102 कोटी होतात. तिकिटांतून निम्मे सुटले तरी पन्नास कोटींची तरतूद हवी, दरवर्षी. ही तरतूद उशिरा झाली की ठेकेदाराची बिलं थकतात, चालकांचे पगार लांबतात, संप होतो आणि थांब्यावर कोणी उरत नाही. म्हणून निवेदनात बससंख्येच्या शेजारी पाच वर्षांचा चालन खर्च लिहा आणि तो वेगळ्या खात्यात ठेवण्याची मागणी करा. ठाण्यात अलीकडे घर घेतलेल्यांनी मुद्रांक शुल्कासोबत एक टक्का मेट्रो अधिभार भरलेलाच आहे, तोही नमूद करा.

ठाणे-बोरिवली बोगदा 11.8 किलोमीटरचा प्रकल्प आहे, खर्च सुमारे 16,600 कोटी. एका टोकाला ठाण्यातली टिकुजिनीवाडी, दुसऱ्या टोकाला बोरिवलीतलं मागाठाणे. त्याला आता विरोध करून हाती काही लागणार नाही, पण त्यातून काय जाणार हे ठरवता येतं. दोन लेन भरून मोटारी गेल्या आणि लेनला अगदी 1,800 गाड्या धरल्या, तरी एका दिशेला तासाला 5,400 माणसं. त्यात मिनिटाला एक बस सोडली तर आणखी 3,000, आणि त्या बस घेतात साधारण 150 पीसीयूची जागा, म्हणजे क्षमतेच्या चार-पाच टक्के. अटल सेतूवर एसटीची शिवनेरी बस चालतेच. बोगद्यातून पहिल्या दिवसापासून बससेवा, दोन्ही तोंडांशी बसस्थानकाची जागा आणि मानपाड्याला मेट्रोशी जोड, हे आताच मागा; पोचरस्त्यांचे आराखडे पक्के झाले की जागा मिळत नाही. बोगद्यातून बाहेर पडणाऱ्या मोटारी मानपाड्यालाच घोडबंदर रोडवर येणार आहेत, हे त्याच परिच्छेदात लिहा.

रस्त्यावरचा सगळा खर्च चूक नाही. न्हावा-शेव्याहून गुजरातकडे जाणारे कंटेनर घोडबंदरला यायचं काहीच कारण नाही. ते पर्याय नाही म्हणून येतात. विरार-बदलापूर-मोरबे मार्गे बंदराला जोडणारा द्रुतगती मार्ग आणि पश्चिम समर्पित मालवाहतूक रेल्वेमार्ग यांच्या उरलेल्या कामांचा आग्रह धरा. एक भरलेला कंटेनर घाटात मोटारींपेक्षा कितीतरी जास्त जागा अडवतो आणि डांबराची वाटही तोच लावतो. अवजड वाहनांच्या बंदीच्या वेळा काटेकोर पाळणं हे यातलं पहिलं आणि बिनखर्चाचं पाऊल.

निवेदनाला स्वतःची मोजणी जोडली तर अधिकाऱ्यांना उत्तर द्यावंच लागतं. पातलीपाडा किंवा वाघबीळच्या पादचारी पुलावर किंवा दिसेल अशा उंच जागी पाच जण पुरतात. मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार निवडा, सकाळी साडेसात ते साडेदहा. दर पंधरा मिनिटांचा वेगळा रकाना. दुचाकी, रिक्षा, मोटार, बस, हलका टेम्पो आणि अवजड वाहन असे सहा प्रकार. पाचव्या माणसाने फक्त दर दहाव्या मोटारीत आणि प्रत्येक बसमध्ये किती जण आहेत ते टिपायचं. बसमध्ये नेमकी डोकी मोजता येत नाहीत, म्हणून रिकामी, बसून भरलेली, उभे प्रवासी आणि दारात लोंबकळणारे असे चार गट करा. पत्रे किंवा खड्ड्यांमुळे त्या दिवशी एखादी लेन बंद असेल तर तसं लिहा. हीच मोजणी दोन आठवड्यांनी पुन्हा करा. शाळांच्या सुट्ट्या, गणपती आणि दिवाळीचे आठवडे टाळा, आणि पाऊस असेल तर तारखेपुढे पावसाची नोंद करा. सोबत माहितीच्या अधिकारात सर्व्हिस रोड विलीनीकरणाआधी केलेली वाहनगणना मागवा, आणि ती गाड्यांची आहे की माणसांची, हे अर्जात वेगळं विचारा.